टोकन रिफ्रेश होतं, तरीही वापरकर्ता मध्येच लॉगआउट का होतो?

तक्रार ठराविक असते: काम करता करता अचानक लॉगिनचं पान येतं. कुणाला लॅपटॉप झाकून परत उघडल्यावर, कुणाला दोन टॅब उघडे असताना, कुणाला काहीच कारण नसताना. डेव्हलपरच्या मशीनवर मात्र हे सहसा घडत नाही. तो दर दोन मिनिटांनी पान रिलोड करतो, त्यामुळे त्याचं टोकन शिळं व्हायला वावच मिळत नाही.

इथे गृहीत धरलेली रचना नेहमीचीच आहे. ब्राउझरमध्ये चालणारं जावास्क्रिप्टचं ॲप, आणि लॉगिननंतर सर्व्हरने दिलेली दोन टोकनं, म्हणजे ओळख पटवणारे मजकुराचे तुकडे: थोडा वेळ टिकणारं ॲक्सेस टोकन, जे प्रत्येक एपीआय रिक्वेस्टच्या (ॲपने सर्व्हरला केलेल्या कॉलच्या) ऑथरायझेशन हेडरमध्ये जातं, आणि जास्त काळ टिकणारं रिफ्रेश टोकन, ज्याच्या बदल्यात नवं ॲक्सेस टोकन मिळतं. ओऑथ २.० या ॲपला परवानगी देण्याच्या रूढ पद्धतीच्या २०१२ च्या मानकात, म्हणजे आरएफसी ६७४९ मध्ये, हीच जोडी आहे. कॉल करण्याआधी टोकन ताजं आहे का पाहायचं, नसेल तर नवं आणायचं. सांगायला एक ओळ लागते, म्हणून कोडही तेवढाच लिहिला जातो. त्या एका ओळीत 'कुणी आणायचं' हे कुठेच ठरलेलं नसतं, आणि बहुतेक तक्रारी तिथून येतात.

आधी नेटवर्क पॅनल, मग कोड

ब्राउझरच्या डेव्हटूल्समधलं नेटवर्क पॅनल उघडा आणि 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करा. ते बंद असेल तर लॉगिनच्या पानावर जाताच सगळा पुरावा पुसला जातो. फिल्टरमध्ये रिफ्रेशच्या एंडपॉइंटचं, म्हणजे सर्व्हरवरच्या पत्त्याचं, नाव टाका. बिघाड व्हायची तासभर वाट पाहत बसू नका, डेव्हलपमेंटच्या सर्व्हरवर ॲक्सेस टोकनचं आयुष्य एका मिनिटावर आणा. माझं तर मत आहे की तिथे ते कायमच एक मिनिट असावं. तासाभराचं टोकन घेऊन लिहिलेला रिफ्रेशचा कोड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बहुधा एकदाही चालत नाही.

पॅनलमध्ये काय दिसतं त्यावरून दिशा ठरते.

प्रत्येक एपीआय कॉलच्या आधी एकेक रिफ्रेश जात असेल, तर वेळेचा हिशोब चुकलाय. एकाच क्षणी चार-पाच रिफ्रेश एकाखाली एक दिसत असतील, तर प्रत्येक कॉल आपापलं टोकन आणायला धावतोय. रिफ्रेश एकच गेला पण ४०० (मागणी चुकीची) आणि सोबत 'इन्व्हॅलिड ग्रँट' असं उत्तर आलं, तर ते रिफ्रेश टोकन कदाचित खरंच संपलंय किंवा रद्द झालंय. पण वापरकर्ता नुकताच काम करत होता असं असेल, तर ते आधीच कुणीतरी वापरून टाकलंय, आणि तो 'कुणीतरी' बहुधा शेजारचा टॅब असतो. रिफ्रेश यशस्वी झाला आणि तरी पुढच्याच कॉलला ४०१ (ओळख पटली नाही) आला, तर हेडरमध्ये जुनंच टोकन जातंय. ॲप सुरू होताना ॲक्सिऑस या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या लायब्ररीच्या डिफॉल्ट हेडरमध्ये टोकन एकदा बसवून दिलं आणि नंतर ते बदलायचं राहिलं, की हे असं दिसतं. आणि रिफ्रेश गेलाच नाही, कॉल मात्र लाल झाला, तर सर्व्हरने दिलेला ४०१ तुमच्या कोडपर्यंत पोचलेलाच नाही. या शेवटच्या प्रकाराकडे खाली वेगळं बघू, कारण त्यात माणसं सर्वात जास्त वेळ घालवतात.

टाइमरवर विसंबू नका

सर्वात आधी सुचणारा उपाय म्हणजे सेटइंटरव्हल, ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा वाजणारा टाइमर. टोकन पंधरा मिनिटांचं आहे ना, मग दर चौदा मिनिटांनी नवं आणू. डेमोमध्ये हे झकास चालतं.

प्रत्यक्षात लॅपटॉप झोपला की टाइमर चालत नाही. जागा झाल्यावर तो लगेच वाजेल की उरलेला वेळ मोजत बसेल, हे ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यावर सोपवलेलं आहे. मोबाइलवर मागे गेलेला टॅब ब्राउझर गोठवून टाकतो. डेस्कटॉपवरही मागच्या टॅबमधले टाइमर मुद्दाम मंद केले जातात. क्रोमने २०२१ मध्ये ८८ व्या आवृत्तीपासून पाच मिनिटांहून जास्त काळ लपलेल्या पानांमधले पुन्हा पुन्हा वाजणारे टाइमर मिनिटातून एकदाच तपासायला सुरुवात केली. मिनिटाभराच्या उशिराने फारसं बिघडत नाही, पण झोपेतून उठलेल्या मशीनवर डॅशबोर्डचे सगळे कॉल एकदम सुटतात आणि त्या क्षणी हातातलं टोकन कधीच मेलेलं असतं.

टाइमरचा आणखी एक सापळा आहे, विरळा पण खतरनाक. सेटटाइमआउट या एकदाच वाजणाऱ्या टाइमरला दिलेला अवधी ३२ बिटांच्या आकड्यात बसावा लागतो. कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम २४.८ दिवस. 'मला लक्षात ठेवा' वर टिचकी मारणाऱ्याला तुम्ही ३० दिवसांचं टोकन दिलं आणि ते संपायच्या मिनिटभर आधी वाजेल असा टाइमर लावला, तर तो आकडा मर्यादेबाहेर जातो आणि टाइमर लगेच वाजतो. रिफ्रेश होतो, नवा टाइमर लागतो, तोही लगेच वाजतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये मग एकाच वापरकर्त्याच्या रिफ्रेशची रांग लागते.

म्हणून नियम साधा ठेवा: टोकनची तपासणी प्रत्येक कॉलच्या तोंडावर. टाइमर ठेवायचाच असेल तर निव्वळ सोयीसाठी ठेवा, म्हणजे पहिल्या कॉलला थांबावं लागू नये इतक्यापुरता. तो काढून टाकला तरी ॲप बिनचूक चाललं पाहिजे.

वेळेचा हिशोब

ॲक्सेस टोकन बऱ्याचदा जेडब्ल्यूटी या स्वरूपात असतं. त्यातला 'एक्स्प', म्हणजे टोकन संपण्याची वेळ, हा आकडा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असतो. जावास्क्रिप्टचं डेट-नाउ मिलिसेकंदांत उत्तर देतं. दोन्ही थेट ताडून पाहिले तर आज दिलेलं टोकनही नेहमी संपलेलंच दिसतं, आणि पॅनलमध्ये तो 'प्रत्येक कॉलआधी रिफ्रेश'वाला नमुना उमटतो. कन्सोलवर दोन्ही आकडे छापा. एक दहा अंकी आणि दुसरा तेरा अंकी असेल तर बग सापडला. उलट कुणी घाबरून दोन ठिकाणी हजाराने गुणलं असेल, तर टोकन हजारो वर्षं चालणार असं कोड समजतो आणि कॉलआधी रिफ्रेश कधीच होत नाही.

टोकन उलगडून 'एक्स्प' वाचण्याची खरं तर गरजही नसते. रिफ्रेशच्या उत्तरात 'एक्स्पायर्स इन' हा सेकंदांचा आकडा येत असेल तर तोच वापरा. तो सापेक्ष असतो, त्यामुळे वापरकर्त्याच्या घड्याळात वीस मिनिटांची गडबड असली तरी हिशोब चुकत नाही. फक्त मोजणी उत्तर आल्याच्या क्षणापासून सुरू करू नका, रिक्वेस्ट पाठवल्याच्या क्षणापासून करा. नेटवर्क मंद असेल तर मधले काही सेकंद आपल्या बाजूने राहतात.

'एक्स्पायर्स इन' मिळतच नसेल आणि टोकन तुमच्याच सर्व्हरचं जेडब्ल्यूटी असेल, तर ते मिळाल्या मिळाल्या त्यातला 'आयएटी', म्हणजे ते काढल्याची वेळ, आणि स्थानिक घड्याळ यांच्यातला फरक जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक तुलनेत तो फरक मिळवा. सर्व्हरची वेळ उत्तराच्या 'डेट' हेडरमधून घेऊ असं कुणाला सुचेल, पण दुसऱ्या ओरिजिनवरच्या, म्हणजे वेगळ्या डोमेन किंवा पोर्टवरच्या, एपीआयचा हा हेडर सर्व्हरने मुद्दाम उघड केल्याशिवाय जावास्क्रिप्टला वाचता येत नाही.

उलगडताना आणखी एक अडचण येते. जेडब्ल्यूटी बेस-६४ च्या यूआरएल प्रकारात असतं. त्यात अधिकचिन्ह आणि तिरकी रेघ यांच्याऐवजी संयोगचिन्ह आणि अधोरेघ येतात. ब्राउझरमधलं एटॉब हे बेस-६४ उलगडणारं फंक्शन ती चिन्हं घेत नाही, सरळ एरर फेकतं. गंमत अशी की ती चिन्हं प्रत्येक टोकनात येतीलच असं नाही, त्यामुळे काही वापरकर्त्यांचंच लॉगिन मोडतं आणि बाकीच्यांचं वर्षभर चालतं. टोकनात देवनागरी नाव असेल तर एटॉब ते बाइटच्या कचऱ्यासारखं परत देतं. ते आधी बाइट्समध्ये घेऊन टेक्स्टडिकोडरमधून काढावं लागतं.

टोकन संपायच्या किती आधी 'शिळं' मानायचं? तीस सेकंद ठीक असतात. पण हा आकडा टोकनच्या आयुष्याच्या दहाव्या भागाहून मोठा नको. एक मिनिटाचं टोकन आणि एक मिनिटाची राखीव वेळ असं झालं तर नवं टोकन हातात पडतानाच शिळं ठरेल.

एकच रिफ्रेश, बाकीचे त्याची वाट पाहणार

पान उघडलं की ॲप एकदम सहा-सात कॉल करतं: प्रोफाइल, सूचना, यादी, आकडेवारी. टोकन संपलेलं असेल तर प्रत्येक कॉल स्वतंत्रपणे तपासतो, प्रत्येकाला शिळं टोकन दिसतं आणि प्रत्येक जण रिफ्रेश मागतो. सर्व्हर रिफ्रेश टोकन बदलत नसेल तर नुसती उधळपट्टी होते. बदलत असेल, म्हणजे प्रत्येक वापरानंतर जुनं बाद करून नवं देत असेल, तर पहिला जिंकतो आणि उरलेल्यांना 'इन्व्हॅलिड ग्रँट' मिळतं. त्यातला एखादा मग लॉगिनच्या पानाकडे ढकलून देतो.

उपाय म्हणजे चालू असलेल्या रिफ्रेशचं प्रॉमिस (जावास्क्रिप्टमधली, पुढे येणाऱ्या उत्तराची जणू पावती) एका सामायिक व्हेरिएबलमध्ये ठेवणं. नंतर येणारा प्रत्येक कॉल तेच प्रॉमिस घेऊन थांबतो. आराखडा असा:

टोकन_द्या:
　टोकन आहे आणि राखीव वेळ धरूनही चालणार आहे → तेच परत
　चालू_रिफ्रेश रिकामा आहे → चालू_रिफ्रेश = नवं_टोकन_आणा; ते संपलं की, यश असो वा अपयश, चालू_रिफ्रेश रिकामा
　→ चालू_रिफ्रेश परत

एपीआय_कॉल:
　वापरलेलं = टोकन_द्या (वाट पाहा)
　वापरलेलं टोकन लावून रिक्वेस्ट पाठवा
　उत्तर ४०१ नाही → उत्तर परत
　साठवलेलं टोकन अजून 'वापरलेलं'च आहे → ते बाद करा
　ताजं = टोकन_द्या (वाट पाहा)
　→ ताजं टोकन लावून एकदाच पुन्हा पाठवा. जे उत्तर येईल ते परत

दिसायला हे सरळ आहे, पण यातल्या चार जागा अशा आहेत की तिथे जरा हात घसरला की सगळं पाण्यात.

पहिली जागा, 'रिकामा आहे का' ही तपासणी आणि प्रॉमिस नेमणं यांच्यामधली. तिथे एकही अवेट, म्हणजे प्रॉमिसची वाट पाहत थांबणं, येता कामा नये. रिफ्रेश टोकन इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधल्या साठवणीतून वाचायचं म्हणून कुणी मध्ये अवेट घातलं, तर त्या फटीतून दुसरा कॉल आत शिरतो आणि दोन रिफ्रेश सुटतात. वाचन, पाठवणं, साठवणं हे सगळं नवं_टोकन_आणा याच्या पोटात जाऊ द्या, नेमणूक मात्र त्याच क्षणी झाली पाहिजे.

दुसरी, व्हेरिएबल रिकामं करणं. ते फक्त यशाच्या वाटेवर केलं तर एकदा नेटवर्क गेल्यावर फसलेलं प्रॉमिस तिथेच अडकून राहतं. पुढचा प्रत्येक कॉल त्याच जुन्या अपयशावर आदळतो. 'रिलोड केलं की चालतं' अशी तक्रार आली तर आधी हे पाहा. यश असो वा अपयश, दोन्हीकडे चालणारं 'फायनली' याच कामासाठी आहे.

तिसरी, उशिरा आलेला ४०१. पहिला कॉल जुन्या टोकनने गेला आणि रेंगाळला. दरम्यान दुसऱ्याने रिफ्रेश पूर्ण केला. आता पहिल्याला ४०१ मिळाला, म्हणून त्याने नुकतंच आणलेलं चांगलं टोकन फेकून पुन्हा रिफ्रेश मागितला. वरच्या आराखड्यातली 'साठवलेलं टोकन अजून वापरलेलंच आहे का' ही ओळ त्यासाठी आहे. इकडून तिकडून उचललेल्या कोडमध्ये ती जवळजवळ नेहमी गायब असते.

चौथी जागा सर्वात फसवी. रिफ्रेशची रिक्वेस्ट स्वतः याच एपीआय_कॉलमधून किंवा याच ॲक्सिऑस इंटरसेप्टरमधून (प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेत चालणाऱ्या कोडमधून) जाता कामा नये. तशी गेली, तर रिफ्रेश टोकनाची वाट पाहतो आणि टोकन रिफ्रेशची. कुठलीच एरर येत नाही, नेटवर्क पॅनल शांत, स्क्रीनवर चक्री फिरत राहते. रिफ्रेशसाठी ब्राउझरचं साधं फेच किंवा ॲक्सिऑसचा वेगळा, इंटरसेप्टर नसलेला इन्स्टन्स वापरा.

पुन्हा पाठवणं एकदाच, हेही जपा. ताज्या टोकनालाही ४०१ येत असेल तर अडचण टोकनच्या वयाची नाही. ४०३ वर तर रिफ्रेश मुळीच नको: तुम्ही कोण हे सर्व्हरला कळलंय, फक्त परवानगी नाही. आणि फेच वापरत असाल तर ४०१ ला प्रॉमिस फसत नाही हे ध्यानात ठेवा. स्टेटस स्वतः पाहावा लागतो. तयार रिक्वेस्ट ऑब्जेक्ट फेचला दिला असेल तर त्याचा मजकूर एकदाच वाचला जातो, म्हणून पाठवण्याआधी त्याचा क्लोन काढून ठेवा, नाहीतर दुसऱ्या खेपेला 'बॉडी आधीच वापरली' अशी एरर येईल.

दोन टॅब, एक रिफ्रेश टोकन

वरचा बंदोबस्त एका टॅबपुरता आहे. प्रत्येक टॅबची मेमरी वेगळी, त्यामुळे सामायिक प्रॉमिस शेजारच्या टॅबला दिसत नाही. लॅपटॉप उघडला की तीन टॅब एकदम जागे होतात आणि तिघेही तेच रिफ्रेश टोकन घेऊन सर्व्हरकडे जातात.

इथे सर्व्हरचं वागणं समजून घ्यायला हवं. ओऑथच्या सुरक्षेबद्दलचं २०२५ चं आरएफसी ९७०० सांगतं की ब्राउझरमधल्या ॲपसारख्या, गुपित जपू न शकणाऱ्या क्लायंटसाठी रिफ्रेश टोकन एक तर त्या क्लायंटशी बांधलेलं असावं, नाहीतर दर वापराला बदललं जावं. बदलणारा सर्व्हर जुनं टोकन परत आलेलं दिसलं की ते चोरीला गेलंय असं मानतो, कारण खरा मालक कोण आणि चोर कोण हे त्याला कळायला मार्ग नसतो. मग तो त्या लॉगिनमधून निघालेली सगळीच टोकनं रद्द करतो. म्हणजे ज्या टॅबने नीट रिफ्रेश केला होता तोही पुढच्या खेपेला बाहेर. दोन टॅबची शर्यत आणि प्रत्यक्ष लॉगआउट यांच्यात पंधरा-वीस मिनिटांचं अंतर पडतं ते यामुळेच, आणि म्हणून कारण लवकर सापडत नाही.

यावर आज सर्वात बरा उपाय ब्राउझरमधली वेब लॉक्स एपीआय ही सोय आहे. नेव्हिगेटर-लॉक्स-रिक्वेस्टला एक नाव आणि एक फंक्शन द्यायचं. त्या नावाचं लॉक एका ओरिजिनच्या सगळ्या टॅबमध्ये मिळून एका वेळी एकालाच मिळतं, आणि फंक्शनचं प्रॉमिस संपलं किंवा टॅब बंद झाला की आपोआप सुटतं. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांतही ते मार्च २०२२ पासून आहे. फक्त पान एचटीटीपीएसवर हवं. याआधी लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे सगळ्या टॅबना दिसणाऱ्या ब्राउझरच्या साठवणीत, 'रिफ्रेश चालू आहे' असा झेंडा लावायची पद्धत होती. तो झेंडा लावून टॅब कोसळला की बाकीचे टॅब ताटकळत बसायचे. तसला कोड अजून शिल्लक असेल तर काढून टाका.

लॉक मिळाल्यावर लगेच रिफ्रेश करायचा नाही. आधी पुन्हा एकदा पाहायचं की आपण रांगेत असताना दुसऱ्या टॅबने नवं टोकन आणून ठेवलंय का. ही दुसरी तपासणी विसरली तर तीन टॅब ओळीने शिस्तीत तीन रिफ्रेश करतील. आणि रिफ्रेश टोकन प्रत्येक टॅबने सुरुवातीलाच व्हेरिएबलमध्ये वाचून ठेवलं असेल तर दुसरा टॅब लॉकच्या आतूनही बाद टोकनच पाठवेल. लॉकच्या आत गेल्यावरच ते वाचा.

रिफ्रेश टोकन एचटीटीपी-ओन्ली, म्हणजे जावास्क्रिप्टला न वाचता येणाऱ्या, कुकीत असेल तर काम बरंच हलकं होतं. कुकी सगळ्या टॅबची एकच, नवी आली की ब्राउझर पुढच्या रिक्वेस्टला तीच लावतो. तेव्हा लॉकने रांग लावली की पुरे. ॲक्सेस टोकन प्रत्येक टॅबने आपल्या मेमरीत वेगवेगळं ठेवलं तरी बिघडत नाही. एखाददुसरा रिफ्रेश जास्त होईल, होऊ द्या. ते वाचवायचंच असेल तर ब्रॉडकास्टचॅनेल या टॅबमधल्या निरोपांच्या सोयीवरून नवं टोकन बाकीच्या टॅबना कळवता येतं. मी सहसा त्या फंदात पडत नाही. हलणारा एक भाग कमी असलेला बरा.

लॉकच्या आतल्या रिफ्रेशला वेळेची मर्यादा हवीच, दहा सेकंद म्हणा. नाहीतर एका टॅबची लटकलेली रिक्वेस्ट सगळ्यांना लटकवते. मर्यादेची दुसरी बाजूही आहे: सर्व्हरने टोकन बदललं पण उत्तर आपल्यापर्यंत पोचलंच नाही, तर आपल्या हातात बाद झालेलं टोकन उरतं. रिफ्रेश चालू असताना कुणी पान रिलोड केलं तरी हेच होऊ शकतं. ब्राउझरच्या बाजूने याला खात्रीचा इलाज नाही. सर्व्हरने जुनं टोकन काही सेकंद चालवून घेतलं पाहिजे. अनेक ऑथ सर्व्हरमध्ये ही सवलत सेटिंगमध्ये असते, आणि बॅकएंडवाल्यांकडे हट्ट धरावा अशी ही एक गोष्ट आहे.

४०१ आला, पण कोडला दिसला नाही

आता तो वेळखाऊ प्रकार. सर्व्हर ४०१ देतो, पॅनलमध्येही कधी तो दिसतो, पण तुमच्या कॅचमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडमध्ये, येते ती 'फेल्ड टू फेच' किंवा 'नेटवर्क एरर'. ॲक्सिऑसच्या एररमध्ये रिस्पॉन्सच नसतो, म्हणून 'स्टेटस ४०१ असेल तर' ही अट कधी लागूच होत नाही.

कारण कॉर्स, म्हणजे दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर पानाला वाचू द्यायचं की नाही हे ठरवणारे ब्राउझरचे नियम. एपीआय दुसऱ्या ओरिजिनवर असेल तर एररच्या उत्तरांवरही कॉर्सचे हेडर लागतात. ते नसले की ब्राउझर स्टेटससकट सगळं उत्तर झाकून टाकतो. एक्सप्रेस या सर्व्हरच्या फ्रेमवर्कमध्ये ऑथचं मिडलवेअर (रिक्वेस्टवर ओळीने चालणारा कोड) कॉर्सच्या आधी लावलेलं असलं की हे घडतं: २०० ला हेडर असतात, ४०१ ला नसतात. क्रम उलटा करा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरने हेडर लावत असाल तर त्याची ॲड-हेडर ही सूचना मुळात यशाच्या आणि रीडायरेक्टच्या ठराविक स्टेटसनाच लागते. ४०१ लाही लागावी म्हणून ओळीच्या शेवटी 'ऑल्वेज' लिहावं लागतं. तसंच प्रीफ्लाइटच्या, म्हणजे खऱ्या कॉलआधी ब्राउझर परवानगी विचारायला पाठवतो त्या, ऑप्शन्स रिक्वेस्टमध्ये ऑथरायझेशन हेडर नसतो, तिला टोकन मागणारा सर्व्हर तिथल्या तिथेच दार बंद करतो.

दुसरी शक्यता रीडायरेक्टची. काही फ्रेमवर्क टोकन संपल्यावर ४०१ न देता ३०२ ने लॉगिनच्या पानाकडे पाठवतात. फेच निमूटपणे त्या पानामागे जातो, २०० आणि एचटीएमएल घेऊन येतो, आणि जेसन वाचताना पहिल्याच कोनी कंसावर अडखळतो. एपीआयच्या वाटांवर सर्व्हरने ४०१ च द्यावा. ते हातात नसेल तोवर उत्तराचा कंटेंट-टाइप तपासा.

लॉगआउट कधी करायचं

रिफ्रेश फसला म्हणजे सत्र संपलं असं नाही. सर्व्हरने 'इन्व्हॅलिड ग्रँट' सांगितलं, किंवा रिफ्रेशच्याच एंडपॉइंटने ४०१ दिला, तरच वापरकर्त्याला लॉगिनकडे पाठवा. नेटवर्क नाही, ५०० (सर्व्हरचा बिघाड) आला, वेळ संपली, ४२९ (फार जास्त रिक्वेस्ट) मिळाला, यातलं काहीही झालं तर टोकनाला हात लावू नका. तो कॉल अपयशी म्हणून परत द्या आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. बोगद्यातून जाणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाचं अर्धं भरलेलं फॉर्म पुसून त्याला पासवर्ड विचारणं हा निव्वळ छळ आहे, आणि असं करणारा कोड सर्रास सापडतो: रिफ्रेशभोवती एक ट्राय-कॅच आणि कॅचमध्ये सरसकट लॉगआउट.

उलटी शर्यतही असते. रिफ्रेश वाटेत असताना वापरकर्त्याने स्वतः लॉगआउट दाबलं, टोकन पुसलं गेलं, आणि अर्ध्या सेकंदाने आलेल्या उत्तराने नवं टोकन परत साठवलं. प्रत्येक लॉगिन-लॉगआउटला एक आकडा वाढवा, रिफ्रेश सुरू करताना तो टिपून ठेवा, आणि उत्तर आल्यावर तो बदललेला दिसला तर उत्तर टाकून द्या. लॉगआउटची खबर बाकीच्या टॅबनाही द्यायला विसरू नका. तिथे मात्र ब्रॉडकास्टचॅनेल जरूर वापरा.

रिॲक्टवाल्यांसाठी एक छोटी टीप. १८ व्या आवृत्तीपासून स्ट्रिक्टमोड डेव्हलपमेंटमध्ये घटक चढवताना इफेक्ट दोनदा चालवतो. इफेक्टमध्ये थेट रिफ्रेश मागणारं ॲप त्यामुळे फक्त डेव्हलपमेंटमध्ये लॉगआउट होतं. स्ट्रिक्टमोड काढून टाकू नका. रिफ्रेश टोकन_द्या मधून गेला की दुसरा इफेक्ट पहिल्याच प्रॉमिसवर थांबतो.

दुरुस्ती झाली का, हे पाहायचं कसं

टोकन एक मिनिटाचं ठेवा, तीन टॅब उघडा, दोन मिनिटं थांबा आणि ब्राउझर पूर्ण बंद न करता लॅपटॉप झोपवून उठवा. पॅनलमध्ये प्रत्येक टॅबचे रिफ्रेश मोजा: लोकलस्टोरेज वापरत असाल तर सगळ्यांत मिळून एक, कुकी आणि मेमरी वापरत असाल तर टॅबमागे फार तर एक, तेही एकाच वेळी नाही. मग रिफ्रेशचा एंडपॉइंट डेव्हटूल्समधून अडवा आणि कॉल करा. एरर दिसली पाहिजे, लॉगिनचं पान नाही. अडवणं काढा, रिलोड न करता पुन्हा कॉल करा, तो गेला पाहिजे. मशीनचं घड्याळ अर्धा तास पुढे-मागे करून पान रिलोड करा आणि सगळं परत एकदा चालवा. शेवटी नेटवर्क मंद करून रिफ्रेश चालू असतानाच लॉगआउट दाबा, आणि दहा सेकंदांनी मेमरीत, स्टोरेजमध्ये किंवा कुकीत टोकन परत उगवलंय का ते बघा.

लॉगमध्ये प्रत्येक रिफ्रेशसोबत टॅबची एक यादृच्छिक खूण, तो कशामुळे सुरू झाला (तपासणीने की ४०१ ने), आणि टोकन संपायला किती सेकंद उरले होते, एवढं लिहून ठेवा. टोकन स्वतः मात्र लॉगमध्ये कधीही छापू नका, पहिली काही अक्षरंसुद्धा नाहीत. टोकनाची ओळख हवी असेल तर त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला, उलटा न फिरवता येणारा ठसा लिहा.